मागे कोणी नाही

ड्वेन सारेलाला आमच्या पाइक बेंड गावात कुणी ड्वेन म्हणत नसे. मास्तर म्हणत. वास्तविक त्याचा उभा जन्म खाणीच्या गॅरेजात डंपरखाली उताणा पडून गेलेला, आणि शाळेत होता तेव्हा तो वर्गात कमी आणि वर्गाबाहेर जास्त दिसायचा. पण दर वसंतात आणि पानगळीत शाळेच्या जिममध्ये एटीव्ही चालवण्याचा वर्ग तोच घ्यायचा. गावातली निम्मी तरणी पिढी त्याच्या हाताखालून गेलेली, म्हणून मास्तर.

एटीव्ही म्हणजे जाड टायरांची, घोड्यासारखी मांड टाकून बसायची रानगाडी. हमरस्त्यावर तिला मज्जाव, रानात तिचं राज्य. मिनेसोटाच्या या उत्तर टोकाला माणूस चर्चला उशिरा पोचेल, पण आपल्या गाडीचं तेल वेळेवर बदलेल. खाण बंद पडली तेव्हा गावात राहिलं काय होतं? गसचं मोटेल आणि त्यातला बार, एक पेट्रोलपंप आणि रिकाम्या घरांसमोरच्या ‘विकणे आहे’च्या पाट्या. मग ड्वेननं चार टाळकी जमवून एटीव्हीचा क्लब काढला, जुन्या लाकूडतोडीच्या वाटा शोधून काढल्या, एकमेकींना जोडल्या, आणि बघता बघता शनिवार-रविवारी मिनिआपोलिसहून ट्रेलर ओढत माणसं यायला लागली. गसच्या मोटेलात पुन्हा चादरी धुतल्या जायला लागल्या. “मास्तरनं गाव जगवलं,” असं कुणी म्हटलं की ड्वेन “छ्या, काहीतरीच” म्हणायचा आणि आतल्या आत फुगायचा. फुगू दे की. केलं होतंच त्यानं.

आता या वाटा काही फुकट राहत नाहीत. झाड पडलं की उचला, मोरी तुंबली की उपसा, दलदलीत मुरूम टाका, पाट्या लावा. त्याला पैसा लागतो. तो राज्य सरकार देतं, अनुदान म्हणून. आमचाच असतो तो म्हणा, गाडीच्या नोंदणीतून आणि पेट्रोलवरच्या करातून घेतलेला. पण सरकार क्लबच्या हातात पैसा ठेवत नाही. मध्ये काउंटी, म्हणजे आमचा जिल्हा लागतो, जामीन राहिल्यासारखा. काउंटी बोर्डानं “हो, ही मंडळी आमची, वाट सुरक्षित आहे” असं म्हटलं तरच राजधानीतून गाडं हलतं. आणि क्लबनं आपल्या अंगमेहनतीची भर त्यात घालायची. तिथे ड्वेनला तोड नव्हती. डास फोडून काढत असले तरी हा बाबा कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून मोरीतली पानं उपसायचा.

त्या वर्षी त्याचं सगळं चित्त पुलात अडकलं होतं. ऑटर ओढ्यापाशी आमची वाट संपते. पलीकडे मोठ्या तळ्याकाठचं गाव, तिथे हजार माणसं उन्हाळ्याला येतात. ओढ्यावर पूल झाला की ती सगळी आमच्याकडे. पुलाच्या अनुदानासाठी ड्वेन कित्येक वर्षं काउंटीच्या पायऱ्या झिजवत होता, आणि आता कुठे घोडं गंगेत न्हायची वेळ आली होती. ऑक्टोबरात बोर्डानं हो म्हणायचं, बास.

आणि सप्टेंबरात हे झालं.

त्याआधी हातांची खूण सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. वाट अरुंद, वळणं आंधळी. समोरून कुणी आलं की पुढचा स्वार डावा हात वर करतो आणि माझ्या मागे आणखी किती जण आहेत ते बोटांनी दाखवतो. दोन असले तर दोन बोटं. त्याच्या मागचा एक बोट. आणि सगळ्यात शेवटचा दाखवतो मूठ. मूठ म्हणजे माझ्या मागे कोणी नाही, वाट मोकळी, जा. ही खूण आमच्याकडे दुधाच्या दातांबरोबर येते. ड्वेन वर्गात पहिल्या दिवशी हीच शिकवायचा. म्हणायचा, “तोंडानं खोटं बोललात तर बायको चिडेल. हातानं खोटं बोललात तर माणूस मरेल.” पोरं हसायची. दर वर्षी तोच विनोद, दर वर्षी तेच हसू.

त्याची बायको मार्लीन. शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म काढलेली, बोलायला तिखट, हाताला चव. लग्न झाल्यापासून ती ड्वेनच्या गाडीवर मागच्या सीटवर. मोरी उपसायला तो जायचा तेव्हा कॉफीचा थर्मास आणि पुल्ला, म्हणजे वेलदोड्याचा गोड पाव, घेऊन ती मागे. कुठलाही रविवार असो, ड्वेन पुढे, मार्लीन मागे. ती निवृत्त झाली आणि पहिल्या महिन्यात काय केलं असेल? स्वतःसाठी लाल रंगाची छोटी एटीव्ही घेऊन आली. ड्वेन दारात उभा राहून बघतच राहिला.

“अगं, माझ्या मागची सीट टोचायला लागली की काय तुला?”

“सीट नाही टोचत. तुझ्या जाकिटाची शिवण पाठ झालीये मला. मरायच्या आधी जरा झाडं बघते.”

“झाडं मागूनही दिसतात.”

“मागून तुझं हेल्मेट दिसतं. त्यावरचं अस्वलाचं स्टिकर सोलून गेलं, तरी मी आपली तेच बघत बसलेय.”

गसच्या बारमध्ये या गाडीवर आठवडाभर विनोद चालले. मास्तरला घटस्फोट मिळाला, पण फक्त रविवारपुरता, वगैरे. ड्वेनही हसला.

त्या रविवारी मॅपलची पानं लालभडक झाली होती. दोघं निघाली. ड्वेन पुढे, मार्लीन आपल्या लाल गाडीवर मागे, जरा अंतर ठेवून, कारण धूळ. नालेच्या वळणापाशी, म्हणजे घोड्याच्या नालेसारखी वाट जिथे फिरते तिथे, समोरून डेरेक झुपान आला. डेरेक शाळेची बस चालवतो. तिशीतला, दोन लहान लेकींचा बाप, ड्वेनचाच विद्यार्थी. क्लबच्या कुठल्याही कामाला सगळ्यात आधी फावडं घेऊन हजर. एकटाच होता. त्यानं हात वर करून मूठ दाखवली. ड्वेननंही हात वर केला. आणि मूठ दाखवली.

चाळीस वर्षांची सवय हो. चाळीस वर्षं मार्लीन त्याच्याच गाडीवर होती, तिला वेगळं मोजायचा प्रश्नच कधी आला नव्हता. एकच गाडी, म्हणून मूठ. हात आपला आपण वर गेला आणि आपला आपण मिटला. डेरेकनं मान हलवली, मास्तरनं मान हलवली, दोघं एकमेकांना ओलांडून गेले.

डेरेकच्या बाजूला चिखलाचं डबकं होतं. वाट मोकळी आहे हे कळलेलं, म्हणून तो डबकं चुकवायला मधोमध आला आणि तसाच वळणात शिरला. ड्वेनला मागून आधी मार्लीनची किंकाळी ऐकू आली आणि मग पत्रा चेपल्याचा आवाज. तेव्हा कुठे त्याला आपली मूठ आठवली. हात अजून हँडलवर पुरता परतलाही नव्हता.

मार्लीन वाटेखाली पॉपलरच्या बुंध्याशी पडली होती, लाल गाडी तिच्या पायावर. डेरेकनं एकट्यानं ती गाडी उचलून फेकली म्हणतात. स्वतःचं जाकीट काढून तिच्या अंगावर घातलं, तिचं डोकं धरून बसला, आणि “हलू नका, हलू नका” एवढंच बोलत राहिला. मांडीचं हाड मोडलं होतं तिचं, गळ्याखालचंही. रुग्णवाहिका तिला घेऊन गेली. ड्वेनही तिच्यामागे निघणार, तेवढ्यात शेरीफचा डेप्युटी, म्हणजे काउंटीचा पोलीस, म्हणाला, “एक मिनिट, मास्तर.” तोही मास्तरच्याच वर्गातला.

“डेरेक म्हणतोय, तुम्ही मूठ दाखवलीत.”

आता बघा. इथे माणसानं काय म्हणावं? “हो, चुकलो” एवढंच ना? दोन शब्द. जीभ झिजली असती का? पण समोर डेप्युटी वही उघडून उभा, मागे क्लबची दोन-चार माणसं जमलेली, आणि ड्वेनच्या डोळ्यांपुढे काय आलं असेल तर शाळेची जिम आणि हसणारी पोरं.

“मी? मी एक बोट दाखवलं. बायको मागे होती माझी. मला कळत नाही का?”

डेप्युटीनं डेरेककडे पाहिलं. डेरेक गार वाऱ्यात नुसत्या शर्टावर कुडकुडत होता, कारण जाकीट रुग्णवाहिकेतून गेलं होतं. त्यानं ड्वेनकडे पाहिलं. रागानं नाही, गोंधळून. म्हणाला, “तुम्ही म्हणताय, मास्तर, तर... मलाच नीट दिसलं नसेल.”

त्यापेक्षा त्यानं मुस्काटात मारली असती तर ड्वेनला परवडलं असतं.

झालं. निष्काळजीपणे गाडी चालवल्याचा ठपका डेरेकवर आला. कोर्टाची तारीख लागली. शाळेनं त्याची बस काढून घेतली, निकाल लागेपर्यंत म्हणे; आणि ठपका कायम झाला तर कायमची. गावात तोंडं सुटली. काल-परवापर्यंत जो “आपला डेरेक” होता, तो एकदम “तो झुपानांचा, पहिल्यापासून भरधावच जायचा” झाला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ते आमच्या गावानं डोळे उघडे ठेवून केलं. आणि संन्याशानं तोंडातून ब्र काढला नाही.

गसला तर हे बरंच झालं होतं. दुष्ट नाही हो तो, पण मोटेलावर कर्ज आणि डोक्यात पूल. ड्वेनला बारच्या कोपऱ्यात घेऊन त्यानं समजावलं, “हे बघ, सरकार अपघाताची हकिगत मागणार. वाट वाईट निघाली तर अनुदान गेलं. क्लबचा मास्तर चुकला असं निघालं तर त्याच्याहून आधी गेलं. पण एकाच माणसाची बेफिकिरी असेल, तर वाट निर्दोष, क्लब निर्दोष, पूल शाबूत. बोर्डापुढे तू बोलायचं. तुझ्या शब्दावर कोण शंका घेणार?”

“हं,” म्हणाला ड्वेन. त्या महिन्यात तो बहुतेक एवढंच म्हणत होता.

मार्लीन घरी आली, मांडीत सळई घालून. पुढच्या खोलीत तिची कॉट लावली. ड्वेन तिची इतकी उठाठेव करायचा की विचारू नका. उशी दे, उशी काढ, सूप कर, सूप गरम कर. शेवटी ती वैतागली.

“अरे, बस ना एका जागी. पाय माझा मोडलाय, फिरतोयस तू.”

तो बसायचा. मग ती छताकडे बघत विचारायची, “डेरेकचं काय झालं रे?”

“होईल काहीतरी.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा, बटाटे सोलता सोलता. “डेरेकचं काही कळलं?”

“तारीख आहे म्हणे.”

तिला डेप्युटीनं इस्पितळात विचारलं होतं, तेव्हा ती म्हणाली होती, मला काही आठवत नाही. डोक्याला मार बसलेला, सगळ्यांना पटलं. ड्वेनला तर हायसं वाटलं होतं. हायसं! बायको मोडून पडलीये आणि तिला आठवत नाही म्हणून याला हायसं वाटतंय. ते त्याचं त्यालाच कळलं आणि त्या दिवशी त्याला आरशात बघून दाढी करवेना. चोराच्या मनात चांदणं. कुणी रस्त्यात हात हलवून नमस्कार केला तरी तो त्या हाताच्या बोटांकडे बघायचा.

शनिवारचा सौना त्याच्या घरी कधी चुकला नव्हता. बापानं बांधलेली लाकडी खोली, तापलेल्या दगडांवर पाणी, वाफ, मग तळ्यात उडी. डेरेक लहान असल्यापासून शनिवारी तिथे यायचा. सौनात आमच्याकडे कुणी खोटं बोलत नाही, भांडत नाही. देवळातल्यासारखं वागायचं असतं. अपघातानंतर ड्वेननं सौना तापवलाच नाही. मार्लीनला चालत नाही म्हणून, असं सांगायचा. तिनं एकदा म्हटलंही, “मला चालत नाही. तुला काय झालंय?”

हिवाळ्याआधीचा शेवटचा वर्ग लागला. जिममध्ये पोरं मांडी घालून बसली होती. ड्वेननं बोटं दाखवली. दोन. मग एक. मग मूठ दाखवायची वेळ आली आणि हात वर जाईना. पहिल्या रांगेतली एक चुणचुणीत मुलगी म्हणाली, “मास्तर, आता विनोद सांगा ना, बायको चिडेल तो. दादानं सांगितलाय मला.” सगळी हसायला तयार होऊन बसली. ड्वेन म्हणाला, आज बरं वाटत नाही, आणि वर्ग सोडून दिला. पार्किंगमध्ये ट्रकमध्ये जाऊन बसला, किल्ली लावली, पण निघाला नाही. शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तरीही बोलला नाही बरं का. लाज वाटणं वेगळं आणि लाजेला जागणं वेगळं. तो आपला रोज लाजत होता आणि रोज गप्प बसत होता.

बोर्डाच्या बैठकीच्या आदल्या दिवशी पेट्रोलपंपावर डेरेक भेटला. तो आता तिथेच टायर बदलायच्या कामाला लागला होता. ड्वेन मान खाली घालून पंपाच्या आकड्यांकडे बघत उभा राहिला. पण डेरेक हात पुसत जवळ आला.

“मार्लीन कशा आहेत?”

“बरी आहे. चालेल म्हणतात.”

“जाकीट त्यांच्याकडेच राहू द्या. घाई नाही.” मग म्हणाला, “मी डोळे तपासून आलो, मास्तर. डुलुथला, शहरात जाऊन.”

“डोळे?”

“म्हटलं, बसमध्ये लेकरं बसतात लोकांची. एक बोट आणि मूठ यातला फरक मला दिसत नसेल, तर मी बस चालवायलाच नको. केस सुटली तरी नको.”

ड्वेनच्या हातातली पेट्रोलची नळी थांबली. “मग?”

“डॉक्टर म्हणाला, डोळे ससाण्याचे आहेत तुझे. म्हणून मग भीती वाटायला लागली, की डोक्यातच काही बिघाड आहे की काय. सारखं आठवून बघतो हो मी. आणि दर वेळी मला मूठच दिसते.” तो ओशाळून हसला. “राग मानू नका हं. तुमच्यावर नाही संशय. तुम्ही कशाला चुकाल?”

धरणीनं पोटात घ्यावं म्हणतात, ते ड्वेनला त्या पंपावर कळलं. हा माणूस त्याच्यावर चिडला नव्हता, शाप देत नव्हता. त्याच्या शब्दाखातर हा स्वतःच्या धडधाकट डोळ्यांना वेडं ठरवायला निघाला होता. ड्वेन काहीतरी पुटपुटला, टाकी अर्धीच भरली आणि घरी आला. जेवला नाही. मार्लीननं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, “मीही येणार बोर्डात.”

“एवढ्या लांब? खुर्चीत बसून?”

“ज्या अपघातावर तुम्ही बोलणार तो माझ्या पायावर झालाय. मला नको का यायला?”

काउंटी बोर्ड कोर्टाच्याच इमारतीत बसतं; तिथली लांबट खोली भरलेली होती. टेबलावर कॉफी आणि कुणीतरी आणलेली अक्रोडाची पोतित्सा, म्हणजे सारण गुंडाळलेला गोड पाव. निम्मा क्लब, पंपवाला, गस इस्त्रीच्या शर्टात, आणि शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून डेरेक. अध्यक्ष बेव्हर्ली लिंडग्रेन, चष्मा नाकावर आणि आवाज मोजूनमापून. तिनं विषय वाचला: ऑटर ओढ्याच्या पुलासाठीचं राज्याचं अनुदान, काउंटीनं जामीन राहावं की नाही, आणि सप्टेंबरातल्या अपघाताबद्दल क्लबचं म्हणणं.

“बोल, ड्वेन.”

ड्वेन उठला. गसनं लिहून दिलेला कागद त्यानं उघडला. “आमच्या वाटेवर झालेला दुर्दैवी अपघात हा सर्वस्वी एका स्वाराच्या...” एवढं वाचलं आणि थांबला. खोलीत कुणीतरी खोकलं. त्यानं कागद खाली ठेवला, डावा हात वर केला, आणि मूठ मिटली.

नुसता हात वर धरून उभा. खोलीतला एकेक माणूस रानात वाढलेला, त्या मुठीचा अर्थ कुणाला सांगायला नको होता. पोतित्सेचा तुकडा तोंडाशी नेलेल्या पंपवाल्यानं तो परत बशीत ठेवला.

“हे दाखवलं मी त्या दिवशी,” ड्वेन म्हणाला. “बोट नाही. हे. डेरेकला बरोबर दिसलं. त्याचे डोळे बरोबर आहेत.” त्यानं शेवटच्या रांगेकडे पाहिलं. “वाट मोकळी आहे असं मी सांगितलं, म्हणून तो मधून गेला. माझ्या मागे मार्लीन होती.”

बेव्हर्लीनं चष्मा काढला. “ड्वेन, हे नोंदीत जाणार आहे.”

“जाऊ दे.”

“डेप्युटीला तू एक बोट सांगितलं होतंस.”

“खोटं बोललो.”

“का?”

ड्वेननं आजूबाजूला पाहिलं. काय सांगणार होता? पूल? गाव? गस तर डोळ्यांनी विनवत होता, पुलाचं नाव घे म्हणून. पण पुलाचा विचार त्या वळणावर त्याच्या मनात आला नव्हता, तो नंतर आला, आडोशाला. “मास्तर ना मी,” तो म्हणाला आणि खाली बसला.

“अरे गाढवा,” गस उघड उघड ओरडला, “एक दिवस! मतदान होईस्तोवर एक दिवस गप्प बसता आलं नाही तुला? महिनाभर बसला होतास की!”

आणि त्यातही खोटं काय होतं? महिनाभर बसलाच होता.

बोर्डानं जे करायचं तेच केलं. चौकशी पुरी होईपर्यंत काउंटी जामीन राहणार नाही. म्हणजे त्या वर्षीचं अनुदान बुडालं, पूल गेला. ड्वेनला वर्ग घेता येणार नाही हेही ठरलं, ते त्यानं स्वतःच आधी सांगितलं. डेरेकवरचा ठपका काढून टाकायला डेप्युटी दुसऱ्याच दिवशी कागद घेऊन आला, आणि पुढल्या सोमवारी पिवळी बस डेरेकच्याच हातात दिसली. पण त्या दिवशी त्या खोलीत लोक त्याच्या पाठीवर थापा मारायला लागले, तीच माणसं हो, कालपर्यंत नाकं मुरडणारी, तेव्हा त्यानं टोपी घातली आणि तो सरळ बाहेर निघून गेला. ड्वेनच्या खुर्चीजवळून गेला, पण मास्तर म्हणाला नाही.

ड्वेननं मार्लीनला उचलून ट्रकमध्ये बसवलं, चाकांची खुर्ची मागे टाकली, आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला.

“तुला सांगायला हवं होतं मी,” तो म्हणाला. “सगळ्यांच्या आधी तुला. तुला काही आठवत नाही, म्हणून...”

“मला सगळं आठवतंय.”

तो तिच्याकडे बघायला लागला.

“मी पाहिली मूठ,” मार्लीन म्हणाली. “वळणाच्या अलीकडून, झाडांच्या फटीतून. तुझ्या मागेच तर होते. आणखी कुठे असते मी?”

“मग डेप्युटीला...”

“काय सांगू त्याला? माझ्या नवऱ्यानं हात वर करून जगाला सांगितलं की मागे कोणी नाही? मला ते तोंडातून काढायची लाज वाटली, ड्वेन. तुझी नाही. माझी.” तिनं खिडकीबाहेर पाहिलं. “आणि रोज विचारत होते तुला डेरेकचं. वाटायचं, आज सांगेल. त्या पोराचे हाल मीही बघत बसले. तेव्हा एकट्यानंच लाजू नकोस फार. थोडी माझ्याकडेही ठेव.”

ड्वेन रडला. नीट, आवाज करून, कोर्टाच्या पार्किंगमध्ये, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर. ती थोपटायला गेली नाही. पुरतं रडू दिलं आणि मग म्हणाली, “चल आता. शनिवारी सौना तापव. डेरेकला बोलव.”

“तो येणार नाही.”

“नसेल येत. तू तापव.”

डेरेक आला नाही. पुढच्या शनिवारीही नाही. ड्वेननं धुतलेलं जाकीट त्याच्या दारात नेऊन दिलं, तेव्हा त्याच्या बायकोनं घेतलं आणि दार लावलं. तरी दर शनिवारी धुराड्यातून धूर निघतोच, आणि बाकावर एक जास्तीचा टॉवेल असतो. पुलाचा अर्ज पुन्हा गेलाय. गस अजून बारमध्ये त्याला ऐकवतो, आणि तो ऐकून घेतो.

वसंतात वाटा उघडल्या तेव्हा मार्लीननं लाल गाडी दुरुस्त करून घेतली. पाय अजून लंगडतो, पण गाडीला पायाचं फारसं काम नसतं. आता ती पुढे असते आणि ड्वेन मागे. समोरून कुणी आलं की ती हात वर करून ठळक एक बोट दाखवते. मग ते ड्वेनपाशी पोचतात. त्यानं मूठ दाखवायची असते, तो शेवटचा, त्याच्या मागे खरंच कोणी नसतं. पण हात उचलायच्या आधी तो गाडी हळू करतो आणि मान पूर्ण वळवून मागे बघतो. दर वेळी बघतो. लोक हसतात, आणि तो हसू देतो.